गोचिडाचा हौद

हिवाळ्यात हौदाला तडा गेला आणि आतलं विषारी पाणी गुपचूप जमिनीत मुरून गेलं. सरकारी गवंडी आले, सिमेंट थापलं, पगार घेतला आणि गेले. मग हुकूम आला की हौद पुन्हा भरायचा, आणि तो बायकांनी भरायचा. मजुरी कसली मागता? ढोरं तुमची, गोचीड तुमचे, पाणी तुमच्याच नदीचं. सरकारचं काय ते औषध, आणि ते सरकार देतंय म्हणून उपकार माना.

बायकांनी, कारण पुरुष होते कुठं? झुलूंच्या त्या डोंगरांतले धडधाकट गडी कुणी डर्बनच्या गोदीत पोती वाहत होते, कुणी जोहान्सबर्गच्या जमिनीखाली दुसऱ्याचं सोनं फोडत होते. खिशात पास नसेल तर शहरात उभं राहू देत नसत, आणि पास असला तर वर्षातून एकदाच घरी सोडत. मागं उरल्या बायका, म्हातारी माणसं आणि ढोरं. गोचीड मरावेत म्हणून ढोरं दर पंधरवड्याला हौदातल्या औषधातून पोहवून काढायची. हौदाचा गाळ उपसायचा, पाणी भरायचं, वाटेवरचं गवत खुरपायचं, हे सगळं बायकांकडे. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते विचारायला सवडच कुणाला होती?

एकोणसाठ सालचा तो ऑगस्ट, म्हणजे तिकडचा सरता हिवाळा, कोरडा ठणठणीत होता. न्सेले नदीत डबकी तेवढी राहिली होती. बायका वाळूत झिरे खणत, करवंटीनं पाणी घासलेटच्या डब्यात भरत, डोक्यावर गवताची चुंबळ, चुंबळीवर डबा, आणि चढण चढून हौदापर्यंत जात. हौद म्हणजे जमिनीत गाडलेली लांबलचक सिमेंटची खोली, छप्पर नसलेली. एका टोकाला ढोरांनी उडी मारायची उभी कड, दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचा उतार. त्यात डबा ओतला की आवाज सुद्धा धड यायचा नाही. तहानलेल्या माणसाच्या तोंडात थुंकल्यासारखं.

"आपण भरतोय आणि खालून कुणीतरी पितंय," माबेंगू म्हणाली. ही अंगानं भरलेली, आणि तिच्या तोंडाला कुंपण नव्हतं. "पलीकडच्या गोऱ्याच्या उसाला जात असंल बघ पाणी. त्याचा ऊस आपल्या डोक्यावरनं मोठा व्हायलाय."

"बोलू नकोस, दम लागतो," माशेझी म्हणाली.

"दम मला लागतोय, तुला का गं त्रास?"

"तुझं ऐकायला पण दम लागतो."

बायका हसल्या. डबे हिंदकळले. हसण्यात पाणी सांडलं म्हणून लगेच गप्प झाल्या.

माशेझी उंच, वाळक्या अंगाची, चाळिशीला टेकलेली. या भागात लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरच्या कुळानंच हाक मारतात, म्हणून ती शेझींची लेक माशेझी. बाकीच्या बायका हौदाच्या कामाला शिव्या देत, आज डोकं दुखतंय, उद्या पोर तापलंय म्हणत. माशेझी एक दिवस चुकली नव्हती. उलट कुणी मागं राहिली की हीच तिला हाक मारायला जायची. त्यावरून बायका तिला टोमणे मारायच्या.

"तिला काय," माबेंगू आत्ताही म्हणाली. "टिटवीसाठी ही हौदच काय, समुद्र भरून देईल."

"देईन."

"नवऱ्यासाठी भरला असतास का?"

"नवरा गाभण आहे का?"

टिटवी ही तिची गाय. टिटवीच्या अंड्यासारखी, मातकट पांढऱ्यावर काळे-तपकिरी ठिपके, म्हणून ते नाव. गेल्या साली थोरली लेक फिंडीले सासरी गेली तेव्हा नवऱ्यामुलाकडून जी ढोरं आली ती सगळी बापाची. फक्त एक गाय आईची. तिला बाप विकू शकत नाही, सासरा असता तरी हात लावू शकला नसता, आणि त्या गाईचं वासरू झालं तर तेही आईचं. लेक वाढवून दिली त्याची ती गाय. माशेझीच्या साऱ्या जन्मात 'माझं' म्हणावं अशी ती एकच वस्तू, आणि ती आता गाभण होती, पहिल्या पावसाच्या आसपास व्यायची.

आणि साहेबांचा नियम असा होता की ज्या घरची बाई हौदाच्या कामाला येणार नाही, त्या घरची ढोरं हौदात सोडायची नाहीत. आणि हौदातून न काढलेली ढोरं दिसली की कोंडवाड्यात. कोंडवाडा लांब, शहरात, कचेरीच्या मागे. तिथून ढोर परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून माशेझी डबा वाहत होती. दुसरं काही कारण नव्हतं, आणि तिनं ते लपवलंही नव्हतं.

वर हौदापाशी गोचीडसाहेब आला होता. त्याचं खरं नाव त्याच्या मोटारीच्या दारावर होतं, पण बायकांना तेवढंच नाव पुरायचं. लाल मानेचा, हाफपँटीतला, गोरा माणूस. तो झुलू बोलायचा. लहानपणी मोलकरणींच्या पाठीवर शिकला असणार, पण त्यातलं हुकमापुरतंच ध्यानात ठेवलं होतं. त्या भाषेत विनंतीही करता येते हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

त्याच्या शेजारी हेझेकिया, हौदाचा सरकारी मदतनीस, खाकी कोटातला. हा माशेझीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. लहानपणी आई गेली तेव्हा माशेझीच्या सासूनंच वाढवलेला.

साहेबानं काठीनं हौदाचा तळ दाखवला. गवंड्यांनी जुना गाळ उपसलाच नव्हता. फावड्यानं एका टोकाला ढकलून ठेवला होता. शेण, केस, चिखल आणि वर्षानुवर्षांचं औषध, वाळून भेगाळलेलं, आणि आता वरून पाणी पडल्यावर पुन्हा काळं फसफसायला लागलेलं.

"हा आधी काढा," साहेब म्हणाला. बायकांवरून काठी फिरली आणि माशेझीवर थांबली. "तू. बारीक आहेस. उतर."

माशेझी हलली नाही. ती हेझेकियाकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "भावजी, मला नका उतरवू. हातावरचं मागच्या वर्षीचं अजून बरं झालं नाही." तिनं तळवे पुढं केले. बोटांच्या पेरांवर कातडी काळी पडून सोललेली होती. "आणि ही ढोरांची घाण. मी घरच्या गोठ्यात पाऊल टाकत नाही, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतंच. सुनेनं सासरच्या गोठ्यात जायचं नसतं. तिथं घराचे वाडवडील असतात, त्यांच्यासमोर परक्या कुळाच्या बाईनं ढोरांत शिरायचं नसतं. बावीस वर्षं माशेझी आपल्या घरच्या काटेरी कुंपणाला बाहेरून वळसा घालत आली होती. टिटवी तिची, पण टिटवीच्या अंगावरून तिनं कधी हात फिरवला नव्हता. कुंपणावरून बघायची, बस.

हेझेकियानं खाली बघितलं. "वहिनी, उतरा," तो म्हणाला. "वाद नका घालू. गाईचा विचार करा."

"कुठली गाय?" साहेबाला ऐकू आलं. "ती ठिपक्याची? गाभण आहे ना ती? चांगली गाय आहे." तो हसला नाही, धमकी दिली नाही. चांगली गाय आहे, एवढंच म्हणाला.

माशेझी उतरली.

लग्न झालेल्या बाईचा चामड्याचा घागरा, बापानं तिच्या लग्नात कापलेल्या बैलाचा, कोळसा आणि चरबी चोळचोळून काळा मऊ केलेला. तो तिनं गुडघ्यावर खोचला, तरी गाळ त्याच्यावर आला. फावड्याचा दांडा अर्धाच होता, त्यामुळे वाकूनच राहावं लागे. गाळ भरून पत्र्याची पाटी वर द्यायची, वरून माबेंगूनं ओढायची. थोड्या वेळानं पायांना गार लागायचं थांबलं आणि चुरचुरायला लागलं, मग चुरचुरणं थांबून आग व्हायला लागली. वरती साहेब मोटारीच्या पायरीवर बसून पाव खात होता. मधून उठून यायचा आणि काठीचं टोक तिच्या पाठीला लावून दाखवायचा की तिकडं राहिलंय, आता इकडं. बैलाला वळवताना लावतात तसं, जोरात नाही, नुसतं लावायचा.

"काठी तिला लावू नकोस," माबेंगू वरून म्हणाली.

"काय म्हणाली ती?" साहेबानं हेझेकियाला विचारलं.

"ऊन फार आहे म्हणते, साहेब."

दुपार कलल्यावर तळ खरवडून झाला. माशेझी ढोरांच्या उतारावरून वर आली, कारण दुसरी वाटच नव्हती. गुडघ्यापर्यंत काळी, घागरा जड होऊन पायांत अडकत होता. उताराच्या डोक्याशी निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश ठेवलेला असतो. ढोर हौदातून निघालं की हेझेकिया त्याच्या खांद्यावर एक फटकारा ओढतो, म्हणजे हे ढोर झालं अशी खूण. त्या खुणेशिवायचं ढोर कोंडवाड्यात.

साहेब पाव संपवून हात झटकत होता. माशेझीला उतारावरून येताना बघून त्याला कायतरी गंमत सुचली. "हेझेकिया," तो म्हणाला, "ही निघाली. खूण कर."

हेझेकिया हसला. साहेबाच्या विनोदाला हसायचं असतं तसा हसला. साहेब बघत राहिला. मग हेझेकियानं ब्रश बुडवला, आणि अजून हसतच, माशेझीच्या उघड्या खांद्यावर निळा फटकारा ओढला.

रंग गार होता. वर उभ्या असलेल्या बायकांतली एक पटकन पाठ फिरवून नदीकडे बघायला लागली, जणू तिनं पाहिलंच नाही. माशेझीनं चुंबळ उचलली, रिकामा डबा उचलला, आणि घरचा रस्ता धरला. तिनं रंग पुसला नाही. पुसायला हात लावला असता तर तो साहेबानं पाहिला असता.

घर वर, टेकाडाच्या पोटात. मधे गोल गोठा, काटेरी फांद्यांचा, वरती आभाळ. भोवती गवती खोपी. वाटेच्या दोन्ही अंगाला कोरफडीचे तुरे लालभडक फुललेले. सासू, मादुमा, गोठ्याच्या दाराशी गोवऱ्या थापत बसली होती. ही म्हातारी म्हणजे घराचा कायदा. माशेझी नवी असताना एकदा पोराच्या मागे धावताना तिचा पाय गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत पडला होता, तेव्हा मादुमानं तिला आठवडाभर दही खाऊ दिलं नव्हतं आणि वाडवडलांची माफी मागायला कोंबडं कापलं होतं. ते कोंबडं म्हातारी अजून बोलून दाखवायची.

"हे काय?" म्हातारी म्हणाली. "कुणाच्या शेणात लोळून आलीस?"

"हौदात उतरले होते, आत्याबाई."

"हौदात? ढोरांच्या?"

"साहेबानं उतरवलं. गाळ होता."

म्हातारीनं शेणाचे हात घागऱ्याला पुसले, उठली, जवळ आली. डोळ्यांवर पडदा आल्यामुळे ती तोंड अगदी जवळ आणून बघायची. तिनं खांदा बघितला. बोटानं रंग चाचपला, बोट नाकाशी नेलं.

"हा तर ढोरांचा रंग."

"व्हय."

"कुणी लावला?"

माशेझीनं डबा खाली ठेवला.

"मी विचारतेय, कुणी लावला?"

"हेझेकिया भावजींनी."

म्हातारीनं माशेझीला दगडावर बसवलं, चुलीवरचं मक्याच्या कण्यांसाठी ठेवलेलं आधण उतरवलं, त्यात गार पाणी ओतलं, आणि सुनेचे पाय आपल्या हातानं धुवायला घेतले. माशेझी ओढायला लागली. "आत्याबाई, असं नका करू, शोभत नाही."

"गप बस. काय शोभतं ते मला शिकवू नकोस."

पाय लाल झाले होते, नडग्यांवर फोड उठले होते. म्हातारीनं कोरफडीचं पान मोडून गर चोळला. मग खांद्याकडे वळली. राखेनं घासलं, चरबीनं घासलं. निळं फिकं झालं, पण गेलं नाही.

"मी लहान होते तेव्हा डोईपट्टीवरनं दंगल झाली," मादुमा घासता घासता म्हणाली. "माझ्या बापाला गोऱ्यांनी चाकाला बांधून फटके मारले. आमची खोपी जाळली. ढोरं नेली. आम्ही रानात मुळ्या खाऊन राहिलो. पण त्यांनी आम्हाला माणूस म्हणून मारलं, बरं का. शत्रू म्हणून मारलं. ढोर म्हणून नाही रंगवलं." तिनं राखेचा बोळा फेकून दिला. "बावीस वर्षं मी तुला या दारातनं आत पाऊल टाकू दिलं नाही. माझ्या सासूनं मला टाकू दिलं नव्हतं. आमच्या वाडवडलांच्या ढोरांत परकी बाई नको म्हणून. आणि तो लाल मानेचा, ज्याची आई कोण ते मला ठाऊक नाही, तो तुला ढोरांच्या विष्ठेत उभी करतो? आणि माझ्या हातचं खाल्लेलं पोर तुला डागतं?"

"गाईसाठी गेले, आत्याबाई. नाहीतर टिटवीला नेतील."

"मला माहीत आहे कशासाठी गेलीस," म्हातारी म्हणाली. "मीच रोज सकाळी तुला उठवत होते. माझी पण ढोरं आहेत त्यात." आणि तिनं स्वतःच्या कपाळावर एक चापट मारून घेतली, माशी मारावी तशी.

सकाळी नदीवर बायका जमल्या तेव्हा माशेझी आधीच तिथं होती. कोरड्या पात्रात बसून डबा भरत होती. पण झिऱ्यावर नव्हती, गोट्यांच्या ढिगावर होती. दगड निवडून निवडून टाकत होती, डब्याला आवाज होत होता.

माबेंगू बघत राहिली. "काय करतेस गं?"

"हौद भरा म्हणालेत ना?" माशेझी म्हणाली. "भरते."

तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, दोघींनी हात लावल्याशिवाय न उचलणारा तो डबा एकटीनं गुडघ्यावर घेतला, मग छातीवर, मग डोक्यावर. मानेच्या शिरा ताठल्या. ती चढायला लागली.

कुणी सभा घेतली नाही. कुणी पुढारी नेमला नाही. माबेंगूनं आपल्या डब्यातलं पाणी वाळूत ओतून दिलं. "हे असलं काम आधी सांगितलं असतंस तर मी रोज वेळेवर आले असते," ती म्हणाली, आणि दगडाला वाकली.

पाणी वाहताना दमणाऱ्या बायका दगड वाहताना दमल्या नाहीत, असं मी म्हणणार नाही. दमल्या. माना दुखल्या, चुंबळी फाटल्या, एकीच्या पायावर दगड पडून नख उडालं. पण आज आवाज येत होता. डबा ओतला की हौदात धाडधाड गडगडायचं, डोंगरात घुमायचं, आणि त्या आवाजानं वरच्या पाड्यावरच्या बायका कुदळी घेऊन खाली आल्या. एकीनं डबा ओतताना म्हटलं, "हा माझ्या पाठीचा." दुसरी म्हणाली, "हा माझ्या पोराला सोडून आले त्याचा." मग ते गाणंच झालं. हा पासाचा, हा पट्टीचा, हा काठीचा. माबेंगूनं सगळ्यात मोठा धोंडा लोटत नेला आणि कडेवर थांबून ओरडली, "हा गोचीडसाहेबाच्या पावाचा! घास मोठा आहे, सावकाश गिळ!"

हेझेकिया पत्र्याच्या खोपटातून बाहेर आला तेव्हा हौद निम्मा भरला होता. "अगं बायांनो, काय करताय! मला कामावरनं काढतील!"

"मग पाणी भरायला ये आमच्याबरोबर," कुणीतरी म्हणालं. "फुकट असतं."

तो माशेझीसमोर आला. "वहिनी, तुम्ही तरी..." त्याची नजर तिच्या खांद्यावर गेली. तो वळला आणि साहेबाला खबर द्यायला सायकलवरून शहराकडे निघाला. बायकांनी त्याला जाऊ दिलं. कुदळींनी त्यांनी हौदाची कड फोडली, उताराचं सिमेंट उखडलं. सगळ्यात शेवटी माबेंगूला निळ्या रंगाचा डबा सापडला.

"साहेब येईल," ती म्हणाली. "आला की विचारील, ती कालची निळ्या खांद्याची कुठाय? तिनंच केलं असणार." तिनं ब्रश बुडवला आणि स्वतःच्या खांद्यावर फटकारा ओढला. "आता शोध म्हणावं."

ब्रश हातोहात फिरला. जरा वेळानं त्या माळावर निळ्या खांद्याशिवाय बाई उरली नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की रंग उरलाय, तर माळावर चरणाऱ्या ढोरांनाही लावू. खूण असली की ढोर झालं, हा नियम त्यांचाच. माबेंगूनं आपल्या बैलाला खांद्यापासून शेपटीपर्यंत रंगवला. तो दोन दिवस स्वतःचीच शेपटी बघून बुजत होता.

उरलेला रंग करवंटीत घेऊन माशेझी घरी आली. गोठ्याच्या कुंपणापाशी थांबली. आत टिटवी रवंथ करत उभी होती, पोट दोन्ही अंगांनी फुगलेलं.

"आत्याबाई, तुम्ही लावता का हिला?" तिनं विचारलं. केस पिकल्यापासून म्हातारीला आत जायची मोकळीक होती.

मादुमानं दाराचे आडवे वासे एकेक करून काढले. मग ती गोठ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मोठ्यानं, भांडल्यासारखं बोलायला लागली. "ऐका रे, या घरच्यांनो! ही माशेझी. तुमच्या पोराची बायको. हिला सरकारनं आपल्या हौदात उतरवलं, तेव्हा तुम्ही कुणी आडवे आला नाहीत. तेव्हा आता ही तुमच्या गोठ्यात आली तर तोंड वर करून बोलायचं नाही." आणि सुनेला म्हणाली, "जा आत. तुझी गाय आहे."

माशेझी आत गेली. शेण पायाखाली ऊन आणि मऊ होतं, आग होणाऱ्या पायांना बरं वाटलं. टिटवीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि नाकपुड्या फुगवल्या. माशेझीनं हात तिच्या पाठीवर ठेवला. कातडी थरथरली, मग थांबली. पोटावर हात नेला, तर आतून वासरानं ढुशी दिली. बावीस वर्षांत या गोठ्यात तिनं पहिल्यांदा श्वास घेतला होता, आणि तो लवकर सोडवेना.

तिनं काडीला चिंधी गुंडाळून रंगात बुडवली. चिंधी टिटवीच्या खांद्याजवळ नेली. रंगाचा थेंब खाली पडला.

म्हातारी दारातून म्हणाली, "काय झालं? लाव की."

"नाही लावत."

"वेडी आहेस का? खूण नसली तर नेतील."

"नेतील," माशेझी म्हणाली. "पण त्या भावजींनी मला लावला तसा मी हिला लावणार नाही. हिनं काय केलंय?" आणि तिनं करवंटी शेणात उपडी केली.

म्हातारी काहीतरी पुटपुटली. शिवीच असावी, पण सुनेला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोचीडसाहेब आला, मागे पोलिसांची लॉरी. हौद बघून त्याची मान आणखी लाल झाली. घराघरांतून बायका बाहेर काढल्या. तो एकेकीचा खांदा बघत गेला. निळा, निळा, निळा. "कुणी सुरू केलं?" बायका आभाळाकडे बघत होत्या. "पुढारी कोण?"

"सगळ्यांना तुमचीच खूण आहे, बघा," माबेंगू म्हणाली. "आम्ही सगळ्या हौदातनं झालोय."

पोलीस ढोरं तपासत फिरले. त्यांना हुकूम होता की बिनखुणेची ढोरं जप्त करा. शिपाई बाहेरगावचे, हुकमाच्या पलीकडे डोकं न चालवणारे. रंगवलेली ढोरं त्यांनी सोडून दिली. माबेंगूच्या बैलाकडे मात्र जरा जास्त वेळ बघितलं. गावात एकच ढोर निघालं बिनखुणेचं.

गोठ्याच्या दारातल्या वाशांवर मादुमा बसली होती. तिच्या सुरकुतल्या खांद्यावरही निळा पट्टा होता, कोणी लावला ते तिलाच माहीत.

"म्हातारीला बाजूला कर, गाय काढ," साहेब हेझेकियाला म्हणाला.

हेझेकिया पुढं झाला. "काकी, उठा."

"तुला घाटा भरवला या हातानं," मादुमा म्हणाली. डोळ्यांतून पाणी नव्हतं, आवाजही चढला नाही. "ब्रश जवळ आहे ना? मला पण लाव आणखी एक. एकानं धकतं का बघ."

हेझेकिया तिथंच उभा राहिला. पुढंही जाईना, मागंही येईना. साहेबानं त्याला बाजूला ढकललं आणि स्वतः माशेझीपुढं येऊन उभा राहिला, कारण एवढं त्याला समजलं होतं की गाय हिची आहे.

"हे बघ," तो म्हणाला. पहिल्यांदाच आवाज मऊ होता. "तू मेहनती आहेस, मला माहीत आहे. ह्या आळशी आहेत, तू नाहीस. तू आज दगड काढायला सुरू कर, तुला बघून ह्याही करतील. गाय इथंच राहील. वासरू इथंच होईल."

बायकांनी माशेझीकडे बघितलं. साऱ्या गावाला ठाऊक होतं की टिटवीसाठी ही समुद्र भरून देईल. ती स्वतःच 'देईन' म्हणाली होती.

माशेझीनं आपले तळवे बघितले, मग गोठ्याकडे बघितलं.

"हौद भरा म्हणालात, आम्ही भरला," ती म्हणाली. "आता तो रिकामा करायचं काम ज्याला मजुरी मिळते त्यानं करावं."

साहेबाचा हात वर गेला आणि शिपायांनी पाहिलं म्हणून खाली आला. "गाय काढा!" तो ओरडला. दोन शिपाई दाराकडे धावले.

"थांबा," माशेझी म्हणाली. "त्या गोठ्यात परक्यानं पाय टाकायचा नाही. माझी गाय मी आणते."

म्हातारी वाशांवरून उठली आणि सुनेला वाट दिली. माशेझी आत गेली, कुणाला न विचारता, आणि टिटवीच्या मानेवर हात ठेवून तिला बाहेर घेऊन आली. लॉरीपाशी शिपाई बायकांना अटक करून चढवत होते. लॉरीत ढोर मावणार नव्हतं, आणि कोंडवाडा आणि कचेरी एकाच शहरात, एकाच रस्त्यानं.

"मी चालत येते," माशेझी म्हणाली. "गाईबरोबर."

"लॉरीत बस!"

"गाभण गाय परक्याबरोबर चालत नाही. पळवलीत तर वाटेत गाभडेल, मग कोंडवाड्यात काय नेणार?"

लॉरीतून माबेंगू उतरली. उडी मारून नाही, तिच्या अंगाला ते झेपलं नसतं. पाठमोरी होऊन, एक पाय, मग दुसरा. "मी पण चालते," ती म्हणाली. "लॉरीत मला उलटी येते." मग बाकीच्या उतरल्या. शिपाई एकीला वर चढवत, तोवर दुसऱ्या दोघी खाली. शेवटी मोठ्या पोलिसानं कंटाळून हात हलवला, की चालू द्या, कुठं जातील.

मादुमा गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. वासे तिनं परत लावले नाहीत.

पुढं टिटवी, ठिपक्यांची, खांद्यावर काही नसलेली. तिच्याबरोबर माशेझी. मागं निळ्या खांद्यांच्या सगळ्या बायका, कालचंच गाणं म्हणत. त्यांच्या मागं लॉरी, पहिल्या गिअरमध्ये कुंथत, आणि लॉरीच्या मागं साहेबाची मोटार, तोंडभर धूळ खात. त्यानं भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. टिटवी थांबली, रस्त्याच्या कडेचं वाळकं गवत हुंगलं, आणि सगळी वरात तिच्या मागं थांबली.

माशेझीनं तिच्या पाठीवर थोपटलं.

"चर बाई," ती म्हणाली. "घाई त्यांना आहे."